बागेत फिरायला निघालात? आधी कान, मग डोळे

चार महिने मी ज्याला पक्षी समजत होते, ती खार निघाली.

घराजवळच्या बागेत रोज सकाळी एक आवाज यायचा. चिर्रप्, चिर्रप्, चिर्रप्, मध्ये श्वासाचीही उसंत नाही. मी मान वर करून शेंड्याकडे बघत उभी राहायची. मान आखडायची, पण पक्षी काही दिसायचा नाही. एके दिवशी पाणी घालणारे माळीकाका म्हणाले, "वर काय बघताय ताई? खाली बघा की. मांजर बसलंय कुंपणापाशी." खरंच बसलं होतं. आणि माझ्या डोक्याच्याच उंचीवर, खोडाला उलटी चिकटून, एक खार प्रत्येक आवाजासरशी शेपटी झटकत त्या मांजराच्या नावाने ठणाणा करत होती.

त्या बागेत मी तोवर तीन वर्षं फिरत होते. रोज दहा फेऱ्या, हातात मोबाईल, पावलांचा हिशेब चोख. पुण्यातल्या बहुतेक बागांमध्ये सकाळचं दृश्य असंच असतं. सगळे एकाच दिशेने फिरत असतात, आणि कुणी उलट दिशेने आलाच तर त्याच्याकडे बघण्याची एक खास नजर असते. व्यायाम म्हणून हे उत्तमच आहे. पण फेऱ्या मारताना बाग दिसत नाही, दिसते ती फक्त पुढच्याची पाठ. ज्यांना व्यायामाच्या आधी किंवा नंतर अर्धा तास काढून बाग खरोखर बघायची आणि ऐकायची आहे, पण सुरुवात कुठून करावी कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

बाग कुठली घ्यायची

घराजवळची. यावर फार विचार करू नका. पक्ष्यांसाठी दर रविवारी गाडी काढून लांब जाणारे लोक मी पाहिले आहेत, तिसऱ्या रविवारी ते झोपलेले असतात. चालत दहा मिनिटांवर जी बाग आहे ती वर्षभर धरून ठेवा. एकच जागा पुन्हा पुन्हा बघितली की तिथे काय नवीन आलं, काय गेलं हे आपोआप कळायला लागतं. वेगवेगळ्या बागांमध्ये हिंडणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

बागेत गेल्यावर मात्र जागा नीट निवडा. कातरलेली हिरवळ आणि कारंजं फोटोला छान असतं, पण पक्ष्यांना त्याचं फारसं काही नाही. बागेचा दुर्लक्षित कोपरा शोधा. पालापाचोळ्याचा खड्डा, अर्धवट वाळलेलं झाड, झुडपांची गिचमिड, आणि सगळ्यात मोलाचा म्हणजे गळका नळ. हसू नका. आमच्या बागेत मागच्या बाजूला एक नळ वर्षानुवर्षं ठिबकतो आहे. त्याखाली फरशीच्या खोलगट भागात वीतभर पाणी साठतं. एप्रिलमध्ये त्या वीतभर पाण्यात मी एका सकाळी बुलबुल, साळुंकी, शिंजीर, चष्मेवाला आणि दयाळ एवढ्या मंडळींच्या आंघोळी बघितल्या आहेत, अगदी नंबर लावल्यासारख्या. शिंजीर एवढासा, तो पाण्यात उतरतच नाही. ओल्या पानावर अंग घासून घेतो आणि पंख फडफडवतो, झाली आंघोळ.

घरचा सराव झाला की महिन्यातून एखादा दिवस दुसरीकडे जा. सारसबाग आहेच. तिथे आज जी हिरवळ दिसते तिथे पेशव्यांच्या काळात तळं होतं आणि गणपती त्यातल्या बेटावर, म्हणून तो 'तळ्यातला गणपती'. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. तिथल्या वाहत्या पाण्याजवळ थोडा वेळ थांबलात तर खंड्या भेटण्याची शक्यता चांगली. रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनमधले जुने वृक्ष आणि गारंबीचा अजस्र वेल बघायलाच हवा, फक्त दार किती वाजता उघडतं ते आधी विचारून घ्या. विद्यापीठाच्या आवारात मोठी जुनी झाडं असल्याने राखी धनेश दिसतो. पाण्यातले पक्षी बघायचे तर हिवाळ्यात पाषाण तलाव. जलपर्णीने त्याची दशा केली आहे, तरी जांभळी पाणकोंबडी त्या जलपर्णीवरूनच लांबलचक बोटं टाकत ऐटीत चालते.

तळजाई आणि वेताळ टेकडी या बागा नव्हेत, त्यांच्याबद्दल पुढे.

किती वाजता

सूर्योदयाच्या पंधरा मिनिटं आधी. घड्याळातली एकच वेळ वर्षभर चालत नाही, कारण पुण्यात जानेवारीच्या मध्यात सूर्य ७ वाजून १० मिनिटांच्या आसपास उगवतो आणि मेअखेरीस सहाच्या आगेमागे. म्हणजे तासाभराहून जास्त फरक. महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी सहाच्या सुमारास उघडतात आणि दुपारी बंद असतात, त्यामुळे उन्हाळ्यात दार उघडताक्षणी आत शिरायचं, हिवाळ्यात थोडं निवांत गेलं तरी चालतं.

पक्षी पहाटेच का गातात? त्या वेळी उजेड इतका कमी असतो की किडे शोधता येत नाहीत, मग हा रिकामा वेळ गाण्यात जातो. वारा पडलेला असतो, रहदारी कमी असते, त्यामुळे आवाज लांबवर आणि स्वच्छ पोचतो. आणि त्या गाण्यातला निरोप सरळ आहे: शेजाऱ्याला सांगायचं की मी रात्रभर जिवंत राहिलो, ही जागा माझीच आहे. मादीलाही तेच, जरा गोड शब्दांत.

उशीर झाला तर हिरमुसून परत जाऊ नका. आठ-साडेआठनंतर ऊन अंगावर घेतल्याशिवाय न उडणारी फुलपाखरं बाहेर पडतात. बेल, लिंबू, कढीपत्ता असेल तिथे त्यांच्या अळ्याही सापडतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू जाहीर केलं, ते मोठं काळं-निळं नीलवंतही याच मंडळींपैकी.

बरोबर काय न्यायचं

फार काही नाही. पाणी, टोपी, पावसाळ्यात घसरणार नाही अशा तळव्याचे बूट, खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. कपडे भडक नसावेत. मोबाईल गप्प करून खिशात.

दुर्बीण पहिल्या दोन महिन्यांत घेऊ नका. ती डोळ्याला लागली की कान बंद होतात असा माझा अनुभव आहे. नंतर घ्यायचीच झाली तर ८×४२ लिहिलेली बघा. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. हा आकडा मोठा असेल तर पहाटेच्या अंधूक उजेडातही चित्र उजळ दिसतं. दहा-बारापट मोठं दाखवणारी दुर्बीण हातात थरथरते, नवख्याला तिच्यात पक्षी सापडतच नाही.

मर्लिन नावाचं मोफत ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. वापरा, पण त्याचं उत्तर म्हणजे अंदाज समजा आणि पक्षी स्वतः बघून खात्री करा. हास्यक्लबच्या शेजारी उभं राहून ते सुरू केलंत तर तुमचं नशीब.

पहिली दहा मिनिटं बसायचं

फिरायला आलोय आणि बसायचं कसलं, असं वाटेल. तरी बसा. माणूस आला की पक्षी गप्प होतात किंवा सरकतात. आपण हललो नाही तर पाच-सात मिनिटांत ते आपल्याला बाकाचा भाग समजून कामाला लागतात.

डोळे मिटा आणि आवाज मोजा. पक्ष्यांची नावं शोधायची नाहीत, फक्त किती वेगळे आवाज येतात ते बोटांवर मोजायचं. पहिल्या दिवशी पाचच्या पुढे जात नाही: रिक्षा, झाडू, कावळा, कुणाची तरी भजनं, आणि "काहीतरी चिवचिव". आठवड्याने त्या चिवचिवीचे चार तुकडे पडतात. मग एकेका आवाजाला दिशा द्या. उंचावरून की झुडपातून? एकाच जागेवरून की सरकता? दोन्ही तळवे कानामागे द्रोणासारखे धरून हळूहळू मान फिरवा, आवाज ज्या बाजूने एकदम मोठा होतो ती बाजू पक्की. शेजारचे आजोबा विचारतील, "काय हो, ऐकू कमी येतंय का?" त्याची सवय होते.

दिशा कळली की मगच डोळे उघडून तिकडे बघायचं. सूर्य पाठीशी राहील अशी जागा घ्या. उगवतीकडे तोंड करून बघितलं तर सगळेच पक्षी काळे दिसतात.

सुरुवातीला सहाच आवाज पक्के करा. त्यातला पहिला तांबट, त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते.

कसबा पेठेतल्या तांबट आळीतून तुम्ही कधी सकाळी गेला असाल तर तांब्याच्या पत्र्यावर पडणारे हातोडीचे एकसारखे ठोके ऐकले असतील. बागेत तोच आवाज झाडावरून येतो. टुक्, टुक्, टुक्, मिनिटाला शंभरेक ठोके, एका लयीत. हिवाळा सरत आला की सुरू होतो आणि उन्हाळाभर दुपारच्या रणरणत्या उन्हातही थांबत नाही. पक्षी चिमणीएवढा, अंग हिरवं, कपाळ आणि छातीवर लाल टिळा, गळा पिवळा. एवढे रंग असून दिसत मात्र नाही, कारण पानांत पानासारखा बसतो आणि ठोके देताना मान इकडेतिकडे वळवतो. त्यामुळे आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. युक्ती अशी की पानं बघू नका, वाळक्या फांद्यांची टोकं बघा. सकाळचं ऊन खायला तो तिथे येऊन बसतो. मी पहिल्यांदा जवळून पाहिला तो अशाच एका फांदीवर. चोच मिटलेली होती आणि आवाज तर येत होता. प्रत्येक ठोक्याला गळ्याची पिवळी पिशवी फुगत होती, शेपटी बारीक झटका देत होती. चोच न उघडता कुणी एवढा गलका करू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याच फांदीच्या खालच्या अंगाला रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं, कंपासने आखल्यासारखं गोल भोक होतं. घरटं. तेव्हापासून बागेतली वाळकी फांदी तोडायला कुणी आलं की मी जाऊन उगाच चौकशा करते.

बाकीचे पाच भरभर सांगते.

दयाळ: काळा-पांढरा, शेपटी ताठ. मार्चपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत पहाटे विजेच्या तारेवर किंवा गच्चीवरच्या अँटेनावर बसून लांबलचक, वळणावळणाची शीळ घालतो. बागेतला सर्वांत चांगला गवई माझ्या मते हाच. थंडीत मात्र तो झुडपाखाली लपतछपत हिंडतो, तोच का हा असा प्रश्न पडतो.

शिंपी: चिमणीहून लहान, आवाज मात्र झाड हलवणारा. टुविट्-टुविट्-टुविट्. पानाच्या कडा धाग्याने शिवून त्यात घरटं करतो. एवढा मोठा आवाज आला की मोठा पक्षी शोधू नका, हाच असणार.

कोकीळ: याला सगळे ओळखतात आणि याच्याबद्दल सगळे चुकतात. गाते ती कोकिळा नव्हे, गातो तो काळाकुळकुळीत नर. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज किक्-किक्-किक् असा तुटक.

भारद्वाज: रिकाम्या माठात तोंड घालून कुणी 'ऊप्, ऊप्, ऊप्' म्हणावं तसा. काळं अंग, विटकरी पंख, लाल डोळा, चाल जमिनीवरून. तो दिसला की दिवस चांगला जातो अशी आपल्याकडे समजूत आहे. गोगलगाई आणि दुसऱ्या पक्ष्यांच्या पिल्लांचा दिवस मात्र वाईट जातो.

पावशा: मे-जूनमध्ये, ढग भरून आले की. चढत चढत जाणारं 'पेरते व्हा, पेरते व्हा'. उत्तरेत याच पक्ष्याच्या तोंडी लोकांनी 'पी कहाँ' घातलं आहे. तिकडे तो प्रियकर शोधतो आणि आपल्याकडे पेरणीची आठवण करून देतो.

नावातच खूण असते

ओळख पटवायला पुस्तकातली रंगीत चित्रं लागतात असं नाही. मराठी नावं ठेवणाऱ्यांनी निम्मं काम करून ठेवलं आहे. शेपटीचा जपानी पंखा उघडून फांदीवर गिरक्या घेते ती नाचण. डोळ्याभोवती पांढरं कडं तो चष्मेवाला. ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडून येतो आणि भिंतीवर बसल्या बसल्या शेपटी थरथरवतो तो थिरथिरा. हिरवळीवर, पाण्याच्या कडेला शेपटी सारखी वर-खाली आपटत चालतो तो धोबी, त्याचं नाव कपडे आपटण्यावरून. मातकट रंगाची सात-आठ जणांची टोळी पाचोळा उलटापालटा करत एकमेकांवर ओरडते ते सातभाई. इंग्रजीवाल्यांनी त्यांना सात बहिणी केलं आहे, यावरून घरोघरी वाद होऊ शकतो. वेडा राघू मात्र फसवतो, तो राघू नाहीच. हिरवा, सडपातळ, तारेवरून झेप घेऊन माशी पकडतो आणि परत त्याच जागी येऊन ती आपटून आपटून गिळतो.

म्हणून अनोळखी पक्षी दिसला की रंगाआधी त्याची सवय लिहा. "शेपटी हलवतो", "जोडीने फिरतो", "खोडावर उलटा चढतो". वहीतल्या अशा एका ओळीवरून जाणकार माणूस नाव सांगू शकतो. "छोटा, तपकिरी" यावरून कुणालाच सांगता येत नाही.

एक झाड धरा

पक्षी उडून जातो, झाड जागेवर असतं. म्हणून नवख्याने एक झाड निवडून दर आठवड्याला त्याच्यासमोर दोन मिनिटं उभं राहावं. उंबर, पिंपळ, वड किंवा काटेसावर यांपैकी एखादं असेल तर उत्तम. उंबर-पिंपळ-वडाला फळं पिकली की तांबट, कोकीळ, बुलबुल, हळद्या, धनेश सगळे जेवायला तिथेच येतात. आपला राज्यपक्षी हरियालही. थंडीत कोवळ्या उन्हासाठी हरियालांचा थवा निष्पर्ण शेंड्यावर गपचूप बसलेला असतो. तुम्हाला ते पारवे वाटतील, नीट बघा, पाय पिवळे आहेत.

गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला, टेकड्यांवर सरसकट लावलेलं गिरिपुष्पही बाहेरचंच. दिसायला देखणी आहेत, फुलली की मीही थांबते. पण एका सकाळी फुललेल्या गिरिपुष्पाखाली आणि फुललेल्या काटेसावरीखाली दहा-दहा मिनिटं उभं राहून बघा आणि पाहुणे मोजा. मग तुमचं मत तुम्हीच ठरवा.

पुण्याचं वर्ष झाडांवरून साधारण असं जातं. संक्रांत झाली की काटेसावर पानं टाकून लालभडक फुलते आणि होळीपर्यंत तिच्यावर मैना, कावळे, शिंजीर, भोरड्या, खारी यांची जत्रा. पांगारा आणि पळस त्याच सुमारास. पाडव्याला कडुनिंबाला बारीक मोहर, पिंपळाला तांबूस लसलशीत पालवी. ही पालवी उन्हाच्या पलीकडून बघा, पानांतून उजेड आरपार येतो. एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस आणि ताम्हणाची जांभळी फुलं. ताम्हण आपलं राज्यफूल, पण लोक त्याच्याखालून फोनवर बोलत जातात.

जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर मोकळ्या मातीत मृगाचे किडे निघतात. लाल मखमलीचे, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठे. चारपाच दिवसांचाच खेळ असतो, चुकवू नका. मग कदंबाचे चेंडू. श्रावण-भाद्रपदात पारिजातकाचा सडा. पारिजातक रात्री उमलतो आणि उजाडायच्या आत गळतो. रात्रीची फुलं बहुधा पांढरी आणि वासाची असतात, कारण त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे अंधारात उडणारे पतंग, आणि अंधारात पांढरं फूल लवकर दिसतं. दिवाळीच्या आगेमागे बुचाची लांब देठाची फुलं रस्त्यावर पडलेली असतात. ती वेचून देठात देठ गुंफून दोऱ्याशिवाय वेणी होते, एखाद्या आजींना विचारा, बसल्या जागी शिकवतील.

आणि सारसबागेतल्या गणपतीला स्वेटर-टोपी चढली की समजायचं, थंडी आली. त्या दिवसांत पहाटे दव पडतं आणि एरवी न दिसणारी कोळ्यांची जाळी हिरवळीवर, मेंदीच्या कुंपणावर शेकड्यांनी दिसायला लागतात. उकिडवे बसा, डोळे जाळ्याच्या पातळीला आणा आणि उन्हाच्या दिशेने बघा. प्रत्येक धाग्यावर थेंबांची ओळ असते. अर्ध्या तासात दव उडतं, जाळं पुन्हा अदृश्य.

टेकडीवर जाताना

वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, शहरातली सर्वांत उंच जागा. कोथरूड, लॉ कॉलेज रस्ता, गोखलेनगर, पाषाण अशा सगळ्या बाजूंनी वाटा आहेत. वरच्या जुन्या खाणीत पाणी साठतं, तिथे सकाळी पक्षी येतात. मोर या टेकडीवर आणि तळजाईवर दोन्हीकडे. पावसाच्या तोंडावर त्यांचा म्यांऽव-म्यांऽव असा हाका मारल्यासारखा आवाज घुमतो. तळजाईची वाट सोपी, माणसांची वर्दळ भरपूर आणि बाहेर भाजीवाले, रसवाले. घरच्यांना "भाजी घेऊन येते" सांगून जाता येतं.

दोन-तीन गोष्टी पाळा. अंधारात एकट्याने टेकडीवर चढू नका, उजाडू द्या किंवा सोबत घ्या. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, तिथे भलेभले आपटतात. गवतात बघून पाय टाका, साप असतात आणि त्यांना तुमच्यात रस नसतो. सुकं गवत आणि पेटती विडी एकत्र येऊ देऊ नका.

बागेत काय करू नये, तेही सांगते. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या काळात त्याला वाटतं दुसरा नर घुसला, आणि तो घरटं सोडून तुमच्या फोनशी भांडत बसतो. कबुतरांना दाणे टाकू नका. त्यांच्या विष्ठेने फुफ्फुसाचे आजार होतात आणि त्यांची संख्या वाढली की बाकीच्यांची जागा जाते. घरटं सापडलं तर लांबूनच बघा, फांदी वाकवून फोटो काढू नका. तुमच्या मागून कावळा बघत असतो.

शेवटचा प्रश्न, जो मला एप्रिल-मेमध्ये हमखास विचारला जातो: झाडाखाली पिल्लू पडलंय, काय करू?

अंगावर पिसं आली असतील आणि ते टुणटुण उड्या मारत असेल तर काहीही करू नका. ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. आई-बाप जवळच्या फांदीवर चोचीत किडा घेऊन तुम्ही जाण्याची वाट बघत असतात. रस्त्यात असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात ही समजूत खोटी आहे. पिसंच नसतील आणि घरटं दिसत असेल तर परत घरट्यात. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. पाणी पाजू नका, दूध-पोळी तर मुळीच नको.

मी एकदा बुलबुलाचं असंच एक टुणटुणीत पिल्लू दयेपोटी घरी आणलं होतं. दिवसभर ड्रॉपरने पाणी पाजलं. संध्याकाळी ते गेलं. दुसऱ्या दिवशी त्याच झाडावर बुलबुलाची जोडी सारखी खाली-वर करत होती.

आता असं पिल्लू दिसलं की मी आसपास बघते, मांजर असलं तर हाकलते आणि बाकावर जाऊन बसते.